भाड्याच्या घरात तीन न्हाणीघरे, तीन गिझर: मेन एमसीबी पडतो, उपाय सांगा

फोंड्याचा_भाडेकरू

नमस्कार मंडळी. जुने चिऱ्यांचे घर भाड्याने आहे, खाली-वर मिळून न्हाणीघरे तीन आणि माणसे सहा. दोन न्हाणीघरांत ३ लिटरचे, ३ किलोवॅटचे इन्स्टंट गिझर आहेत. तिसऱ्यात काहीच नाही. सकाळी साडेसहा ते साडेसात या एका तासात सगळ्यांच्या आंघोळी उरकायच्या असतात.

जोडणी सिंगल फेज. मीटरच्या पुढे मेन म्हणून ३२ अँपिअरचा डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच. तिथून खालच्या मजल्यावर छोटी डीबी (वेगवेगळ्या वायरींचे एमसीबी असलेली पेटी) आणि वर जुना लाकडी बोर्ड. दोन्ही गिझर चालू असताना इस्त्री लागली आणि विहिरीचा पंप सुरू झाला की मेन पडतो. पण लगेच नाही, पंधरा-वीस मिनिटांनी. हात लावला तर एमसीबी चांगलाच गरम लागतो.

प्रश्न तीन:
१. वायरमन म्हणतो की ६३ चा एमसीबी टाकला की कटकट संपेल. टाकावा का?
२. तिसऱ्या न्हाणीघरात परदेशात असतो तसा ७.५ किलोवॅटचा इलेक्ट्रिक शॉवर लावावा असा घरच्यांचा आग्रह आहे. आपल्याकडे चालेल का?
३. घर आपले नाही. घरमालकाला न विचारता काय करता येते आणि काय नाही?

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, पाहुणे येणार, तेव्हा तिन्ही न्हाणीघरे एकदम चालतील. त्याआधी काहीतरी कायमचे करून घ्यायचे आहे.

वायरमन_डिचोली

६३ चा टाकू नका. बाकीचे सगळे नंतर वाचा, पण हे आधी. एमसीबी गिझरसाठी नसतो, त्याच्या पुढच्या वायरसाठी असतो. मीटरपासून आलेली वायर ६ स्क्वेअर एमएम जाडीची असेल तर ती नळीतून साधारण ३५-४० अँपिअर झेपवते. जुन्या घरात ती ४ चीसुद्धा निघते, आणि पुष्कळदा ॲल्युमिनियमची. त्यावर ६३ चा एमसीबी बसवला तर तो कधीच पडणार नाही, आणि पडायची वेळ येईल तेव्हा वायरचे इन्सुलेशन आतल्या आत करपलेले असेल. चिऱ्याच्या भिंतीत पुरलेली वायर करपली तरी बाहेर काही दिसत नाही. वास येतो तोही उशिरा.

आता तुमचा हिशेब. ३ किलोवॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे एका गिझरचे १३ अँपिअर. दोनांचे २६. १००० वॅटची इस्त्री ४.३, एक एचपीचा पंप ५ ते ६, फ्रिज आणि दिवे धरून १ ते दीड. बेरीज ३७ च्या आसपास. ३२ च्या एमसीबीला हा भार सुमारे १.१६ पट होतो.

पंधरा-वीस मिनिटांचे कोडे इथेच सुटते. एमसीबीच्या आत दोन यंत्रणा असतात. शॉर्ट सर्किट झाले की चुंबकाची यंत्रणा डोळ्याचे पाते लवायच्या आत तोडते. थोडासा जास्त भार असेल तर दोन धातूंची पट्टी हळूहळू तापून वाकते आणि मग खटका पडतो. ठरलेल्या प्रमाणानुसार १.१३ पट भारावर त्याने तासभर पडू नये आणि १.४५ पट भारावर तासाच्या आत पडलेच पाहिजे. तुम्ही या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात आहात. शिवाय हे आकडे ३० अंश तापमानाचे. डब्यात शेजारी दुसरे तापलेले एमसीबी असतील किंवा पेटीवर ऊन येत असेल तर तो आणखी लवकर पडतो. म्हणजे तुमचा एमसीबी बिघडलेला नाही, तो त्याचे काम चोख करतो आहे.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. एमसीबी सगळाच कोमट असेल तर ठीक. फक्त एका टोकाला, वायर शिरते तिथे चटका बसत असेल तर स्क्रू सैल आहे. मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून स्क्रू घट्ट करायचा. वायरचे टोक काळे पडले असेल तर तेवढे कापून नवे टोक सोलायचे. ॲल्युमिनियम असेल तर हे दरवर्षी करावे लागते, कारण तापून-निवून ती दबते आणि पकड सुटते. तांब्याची वायर ॲल्युमिनियमला नुसता पीळ देऊन जोडलेली दिसली तर तो जोड त्याच दिवशी काढा आणि मध्ये दोन्ही धातूंना चालणारा कनेक्टर घाला.

वायरमन_डिचोली

आता तिसऱ्या न्हाणीघराचे. ७.५ किलोवॅट म्हणजे एकट्या शॉवरचे ३२.६ अँपिअर. तुमचा अख्खा मेन तो एकटाच खाणार. त्याला स्वतंत्र ४० चा एमसीबी आणि डीबीपासून थेट १० ची तांब्याची वायर लागेल. भाड्याच्या घरात एवढा खर्च पुरून ठेवण्यात अर्थ नाही.

आणि गोव्यात त्याची गरजच नाही. ३ किलोवॅटचा गिझर मिनिटाला १ लिटर पाणी ४३ अंशांनी तापवतो. याचा अर्थ पाणी किती अंशांनी वाढवायचे यावर धार ठरते. ते परदेशी शॉवर ५-१० अंशांच्या पाण्यासाठी बनवलेले, त्यांना ३० अंश चढवायचे असतात. आपल्या टाकीतले पाणी हिवाळ्याच्या सकाळी साधारण २५ अंश असते. आंघोळीला ४० पुरे. १५ अंश चढवायचे तर ३ किलोवॅटवर मिनिटाला जवळजवळ ३ लिटरची धार मिळते, ४.५ वर ४.३ लिटर. बादलीने आंघोळ करणाऱ्याला ३ किलोवॅट भरपूर होतो, कारण अंगाला साबण लावेपर्यंत बादली भरते. शॉवरला धार बारीक वाटली तर छिद्रे कमी असलेला छोटा शॉवर हेड लावा, किलोवॅट वाढवू नका.

नळाला बसवायचे प्लास्टिकचे ‘झटपट गरम पाणी’ नळ ऑनलाइन मिळतात, तेही कोणी सुचवेल. पुष्कळांना दोनच पिनांचा प्लग असतो, अर्थिंगची वायरच नसते. ते घरात आणू नका.

फोंड्याचा_भाडेकरू

खूप उपयोगी, दादा. म्हणजे तिसराही ३ किलोवॅटचाच. पण मग तिन्ही मिळून ३९ अँपिअर होतात, आणि इस्त्री-पंप वेगळे. ३२ वर हे बसणार कसे? घरच्यांना ‘आता तू बंद कर, मग मी लावतो’ असे रोज सांगणे चालत नाही, कोणीतरी विसरतेच.

मडगावची_इंजिनिअर

विसरतेच, म्हणून ते माणसांवर ठेवायचे नाही, स्विचवर ठेवायचे.

तीन रस्ते आहेत, स्वस्तापासून सांगते.

पहिला: चेंजओव्हर स्विच. ३२ अँपिअरचा, डबल पोल, एक-शून्य-दोन असा. दुकानदार तो जनरेटरसाठी म्हणून देतो, म्हणजे दोन पुरवठे आणि एक लोड. आपण उलटा जोडायचा: एक पुरवठा, दोन लोड. संपर्कांना दिशा नसते, चालतो. डीबीतून २० च्या एमसीबीवरून ४ स्क्वेअर एमएमची वायर स्विचच्या सामाईक टोकांना आणायची, आणि दोन बाजूंच्या टोकांवरून एकेका गिझरला. फेज आणि न्यूट्रल दोन्ही स्विचमधून जाऊ द्या. अर्थची हिरवी वायर मात्र स्विचमधून नेऊ नका, ती दोन्ही गिझरपर्यंत अखंड जायला हवी. हा स्विच न्हाणीघराबाहेर, पॅसेजमध्ये, छातीच्या उंचीवर बसवा. वरच्या मजल्यावरची दोन न्हाणीघरे या एका स्विचवर घेतली की ते दोन गिझर एकदम लागणेच शक्य नाही. मग कमाल भार दोन गिझरचा, २६ अँपिअर, आणि इस्त्री-पंपापैकी एकच काहीतरी चालवले तर ३२ च्या आसपासच राहतो.

यात एक सोय आपोआप होते. आपल्याकडचा ३ लिटरचा ‘इन्स्टंट’ खरे तर छोट्या टाकीचा असतो, आत थर्मोस्टॅट असतो. स्विच लावून ठेवला आणि नळ बंद असला तर तो तापून स्वतःच थांबतो. म्हणून प्रत्यक्षात पूर्ण १३ अँपिअर सलग तेव्हाच जातात जेव्हा नळ वाहत असतो.

दुसरा रस्ता, आणि सहा माणसांच्या घराला मला हाच पटतो: तिन्ही ठिकाणी १५ लिटरचे, २ किलोवॅटचे साठवणीचे गिझर. एकाचे ८.७ अँपिअर, तिन्ही एकदम लागले तरी २६. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला १८-२० मिनिटे लागतात, आणि ते गार पाण्यात मिसळून ४० अंशांचे ३५ लिटर होते, म्हणजे साधारण दोन बादल्या. प्रत्येकाला १६ अँपिअरचा टायमर सॉकेट लावून पहिला साडेपाचला, दुसरा पाच पंचावन्नला, तिसरा सहा वीसला असे लावले तर एका वेळी एकच तापतो. पहिल्यातले पाणी तासाभरात फारसे निवत नाही. माणसे सहा आहेत, म्हणजे प्रत्येक न्हाणीघरात दोघे. पहिल्याची आंघोळ झाल्यावर टाकी पुन्हा तापायला वेळ लागतो, तेव्हा टायमर त्या हिशेबाने साडेसातपर्यंत चालू ठेवा. ती दुसरी फेरी तिन्हींची एकदम आली तरी २६ च. फक्त त्या वेळी इस्त्री आणि पंप दोन्ही नकोत. पंप पाचला चालवून टाकी भरून ठेवणे सोपे.

वीजबिल यामुळे घटेल असे समजू नका. तेवढेच पाणी तेवढेच तापवायला वीज तेवढीच लागते. एका टाकीला सुमारे ०.६ युनिट. फायदा आहे तो मेनवरचा ताण उतरण्यात.

तिसरा रस्ता थ्री फेज. एकेक गिझर एकेका फेजवर. चांगलाच, पण तो घरमालकाचा निर्णय आहे. आणि लक्षात ठेवा, थ्री फेजच्या घरात न्यूट्रल तुटला की कमी भाराच्या फेजवरच्या उपकरणांना २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत जाऊ शकतात. पावसाळ्यात माडाचे झावळ तारेवर पडून हे होते. थ्री फेज घेतलात तर जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारा प्रोटेक्टर बसवायलाच हवा.

न्हाणी_प्लंबर_म्हापसा

साठवणीचा गिझर टांगणार असाल तर भिंतीकडे बघा. पाण्यासकट वजन २०-२५ किलो होते. जुन्या चिऱ्याच्या भिंतीत जोड मातीचे असतात, वर नुसता गिलावा. भोक जोडावर पडले तर फास्टनर फिरतच राहतो. गिलावा टोचून चिरा कुठे आहे ते आधी बघा आणि चिऱ्याच्या मधोमध भोक पाडा. चिरा पोकळ लागला, भुसा ओला आणि तांबडा निघू लागला तर ती जागा सोडा. कधीकधी एकाच चिऱ्यात चार इंच घट्ट आणि पुढे मऊ असते. तसे असेल तर भोक मोठे करून सिमेंट भरा, दोन दिवस सुकू द्या, मग फास्टनर.

पाण्याचा दाबही बघा. टाकी शॉवरपासून दोन-तीन मीटरच वर असेल तर दाब ०.२-०.३ बार. आपल्या गिझरला तेवढा चालतो. ते ७.५ किलोवॅटवाले शॉवर इतक्या दाबावर सुरूच होत नाहीत, आतला फ्लो स्विच दबत नाही. मग लोक प्रेशर पंप लावतात, आणि त्या पंपाने साध्या गिझरच्या टाकीचे जोड गळू लागतात. गिझरच्या पाटीवर किती बारचा ते लिहिलेले असते, पंप त्याच्या आतला घ्या. सेफ्टी व्हॉल्व्ह कधी काढू नका. त्यातून थेंब पडतात म्हणून काही जण तोंड बंद करतात, ते फार धोक्याचे.

विहिरीचे पाणी असेल तर आतला मॅग्नेशियमचा दांडा वर्षाला काढून बघा. चिऱ्याच्या जमिनीतल्या विहिरींचे पाणी लोहाचे आणि थोडे आंबट असते, दांडा लवकर झिजतो. तो संपला की टाकीची पाळी.

वायरमन_डिचोली

प्लंबरभाऊंनी टाकीची पाटी वाचायला सांगितली, तशीच मीटरची पाटीही वाचा. त्यावर १०-६० किंवा ५-३० असे अँपिअर छापलेले असतात. मीटरच तीसचा असेल तर पुढे काहीही मोठे करून उपयोग नाही.

आता जिवाशी गाठ असलेला भाग, अर्थिंग. इथे घाई करू नका.

जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थची पिन मागून न्यूट्रलला जोडलेली सापडते. तेव्हा अर्थची वायर ओढली नव्हती, म्हणून कोणीतरी तोडगा काढलेला. एरवी गिझर छान चालतो. ज्या दिवशी न्यूट्रल कुठेतरी सुटतो, त्या दिवशी गिझरचे लोखंडी अंग, नळ आणि वाहते पाणी सगळे २३० व्होल्टवर येते. म्हणून तिन्ही सॉकेट उघडून बघा. अर्थच्या पिनेला स्वतंत्र हिरवी वायर दिसली पाहिजे आणि ती डीबीतल्या अर्थ पट्टीपर्यंत पोचली पाहिजे. पाण्याच्या नळीला जोडलेली अर्थही बाद. नळ्या आता प्लास्टिकच्या झाल्या, ती वायर कुठेच जात नाही.

अर्थचा खड्डा असेल तर मेगर (रोध मोजायचे यंत्र) असलेल्याकडून मोजून घ्या, ५ ओहमच्या आत हवा. चिऱ्याच्या जमिनीत पावसाळ्यात मोजले की आकडा छान येतो आणि एप्रिल-मेमध्ये तोच कितीतरी वर जातो, कारण खडक कोरडा पडतो. म्हणून मोजणी उन्हाळ्यात करा, आणि खड्ड्याच्या फनेलमधून पाणी घालत राहा.

त्यापुढे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे तेवढा करंट माणसातून किंवा अर्थकडे गळला की पुरवठा तोडणारा स्विच. चाळीस अँपिअरची, डबल पोल, मेनच्या लगेच पुढे. दोन गोष्टी लोक गोंधळतात. एक, आरसीसीबी जास्त भाराला पडत नाही, त्यामुळे मेन एमसीबीची जागा ती घेत नाही, दोन्ही हवेत. दुसरे, तिच्यावरचे टेस्टचे बटण अर्थ नसतानाही चालते. बटण दाबून ती पडली म्हणजे अर्थिंग बरोबर आहे असे समजू नका.

नवीन बसवल्यावर गिझर लावताच आरसीसीबी पडू लागली तर आधी न्यूट्रल बघा. इन्व्हर्टर असलेल्या घरात इन्व्हर्टरचा न्यूट्रल आणि गिझरचा न्यूट्रल कुठेतरी एकत्र केलेला असतो. आरसीसीबीला जाणारा आणि येणारा करंट सारखा दिसायला हवा, न्यूट्रल दुसरीकडून परतला की ती पडणारच. तो वेगळा केल्यावरही पडत असेल तर गिझरचे एलिमेंट गळते आहे, त्याचे फेज-न्यूट्रल काढून अंगाशी मेगर लावा.

आणि प्लग. ३ किलोवॅटच्या गिझरला १६ अँपिअरचा प्लग कागदावर चालतो. प्रत्यक्षात सॉकेटची पाती सैल झाली की प्लगची एक पिन तपकिरी पडते, मग सॉकेटचे तोंड वितळते. किनाऱ्याजवळच्या घरांत, कळंगुट-कांदोळीकडे, खाऱ्या हवेने पाती हिरवी पडून हे आणखी लवकर होते. तुमच्या दोन्ही गिझरचे प्लग आज काढून पिना बघा. एकही पिन काळपट असेल तर सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला. एकच बदलला तर नवाही जळतो. त्यापेक्षा प्लग काढूनच टाका: ३२ चा डबल पोल स्विच, पुढे सिरॅमिक कनेक्टर, आणि थेट जोडणी.

पणजी_घरमालक_भाडेकरू_सल्ला

तिसऱ्या प्रश्नाचे. घरमालकाला न सांगता तुम्ही करू शकता ते एवढेच: आपला गिझर असलेल्या सॉकेटवर लावणे, टायमर लावणे, प्लग-सॉकेट तसाच्या तसा बदलणे. डीबी, मेन, नवी वायर, भिंतीला भोके, अर्थचा खड्डा यांना लेखी संमती घ्या. व्हॉट्सॲपवरचा ‘करा’ हा होकारही ठेवून द्या, पण एक पानी पत्र बरे. त्यात सामानाची यादी, खर्च कोणाचा, आणि घर सोडताना काय राहील आणि काय नेणार हे लिहा. वायर, एमसीबी, आरसीसीबी भिंतीत राहतात, गिझर तुमचा. चिऱ्याची भोके बुजवून द्यायची का, तेही त्यातच. आरसीसीबी आणि अर्थिंगचा खर्च घरमालकाने उचलावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तो घराच्या सुरक्षिततेचा भाग आहे.

वीज खात्याच्या बिलावर मंजूर भार किलोवॅटमध्ये छापलेला असतो, तो बघा. भार वाढवायचा किंवा थ्री फेज करायचे तर अर्ज ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याच्या सहीने जातो, परवानाधारक कंत्राटदाराचा अहवाल लागतो. दर किलोवॅटमागे स्थिर आकारही वाढतो, तो दरमहा कोण भरणार हे आधी ठरवा. मीटरच्या सीलला आणि खात्याच्या कटआऊटला (खात्याच्या फ्यूजला) हात लावायचा नाही, तिथे लाईनमनच हवा.

गॅस गिझरचा विचार येईल म्हणून सांगतो: न्हाणीघराच्या आत कधीच नाही. दारे-खिडक्या बंद असताना त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते. जुन्या घरात मागच्या पडवीत, उघड्यावर बसवून फक्त गरम पाण्याची नळी आत आणता येत असेल तरच.

फोंड्याचा_भाडेकरू

सगळ्यांचे मनापासून आभार. मीटरवर १०-६० आहे. मेनची वायर तांब्याची, ६ ची. बिलावर मंजूर भार ५ किलोवॅट. वरच्या सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रललाच जोडलेली निघाली, तो गिझर बंद ठेवला आहे. घरमालकांनी अर्थिंग आणि आरसीसीबीला होकार दिला. तिन्ही ठिकाणी १५ लिटरचे घ्यायचे ठरते आहे.

मडगावची_इंजिनिअर

मंजूर भार ५ आणि तुमचे तीन गिझरच ६ किलोवॅट. टायमर नीट लावलेत तरी दुसऱ्या फेरीत तिन्ही एकदम लागले की सकाळचा भार ५ च्या वर जाईल, तेव्हा होकार मिळतो आहे तोवर भार वाढवण्याचा अर्ज घरमालकांकडून घालून घ्या. मंजुरी येईपर्यंत दोनच गिझर जोडा. ६ ची तांब्याची वायर आहे तर मेन ३२ चाच ठेवा, तो बदलायचे कारण नाही.

वायरमन_डिचोली

आणि वरच्या गिझरची नवी अर्थ ओढताना लाकडी बोर्डापाशी जोड देऊ नका. २.५ ची हिरवी तांब्याची वायर डीबीच्या अर्थ पट्टीपासून सॉकेटपर्यंत एकसंध आणा. ती पोचली की मगच सॉकेटमधला न्यूट्रलचा तुकडा कापा, आणि कापल्यावर पिन ते पट्टी मीटरने मोजा. ओहमचा आकडा शून्याच्या जवळ आला पाहिजे. तोवर वरच्या न्हाणीघरात बादली खालून न्या.